प्राथमिक शाळेतील दिशाशोधनाचे शिक्षण : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने अनोळखी भूमीवर नेमून दिलेली स्थळे क्रमाने शोधून काढणे, या क्रीडाप्रकाराला दिशाशोधन असे म्हणता येईल. त्याचा उगम स्कँडिनेव्हियातील लष्करी शिक्षणात आहे. नागरिकांसाठी खुली असलेली पहिली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीजवळ झाली. पुढे १९१९ मध्ये मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली व या खेळाला आजचे रूप आले. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. स्वीडन-नॉर्वेत हा खेळ शालेय शिक्षणाचा भाग बनला, याचे कारण त्याचे क्रीडामूल्य एवढेच नव्हे. कागदावरील खूण आणि पायाखालची जमीन यांचा संबंध जोडण्याची जी बौद्धिक क्रिया भूगोलाच्या मुळाशी आहे, तीच या खेळातही मुळाशी आहे.

आपल्या प्राथमिक शाळांत हा संबंध बहुधा जुळतच नाही. भिंतीवरील नकाशात उत्तर दिशा वर असते. साहजिकच मुलाच्या मनात उत्तर म्हणजे छताची बाजू असे समीकरण रुजते. नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेला असला तर घोटाळा आणखी वाढतो, कारण नकाशाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलाच्या पाठीमागे खरी उत्तर असते व डाव्या हाताला, म्हणजे नकाशातील पश्चिमेकडे, खरी पूर्व असते. परीक्षेत असे मूल चुकत नाही, रस्त्यावर चुकते. यावर उपाय सोपा आहे. नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरावा व त्याची उत्तर प्रत्यक्ष उत्तरेशी जुळवावी. दिशाशोधनाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा धडा हाच होय.

परंतु प्रत्यक्ष उत्तर कोणती, हे मुलाने कशावरून ठरवावयाचे? ‘सूर्य मावळतो ती पश्चिम’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे, आणि खेड्यातील मुले उगवत-मावळत हेच शब्द दिशांसाठी वापरतात. या वाक्याची मर्यादा दाखविण्यास कोल्हापुरात एक अपूर्व साधन उपलब्ध आहे. महालक्ष्मी मंदिराचे मुख पश्चिमेकडे असून ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी व ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वाराच्या बाजूने गाभाऱ्याकडे येतात. वर्षातून दोनदाच हे का घडावे, असा प्रश्न तिसरी-चौथीतील मुले स्वतःच विचारतात. उत्तर असे की, मावळतीचा बिंदू वर्षभर क्षितिजावर सरकत असतो आणि जाता-येता एकाच स्थानी दोनदा येतो. किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य कोल्हापुरी खऱ्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. रंकाळ्याच्या काठावर एकाच जागी उभे राहून दर महिन्याला सूर्यास्ताची जागा दूरच्या झाडांच्या किंवा इमारतींच्या खुणेने टिपून ठेवली, तर हे सरकणे मुलांना डोळ्यांनी दिसते.

दुपारच्या सावलीबाबत तर पाश्चात्त्य पुस्तकांचे अनुकरण सरळ चुकीचे ठरते. मध्यान्ही सावली उत्तरेकडे पडते, हा त्या पुस्तकांतील नियम कर्कवृत्ताच्या उत्तरेस खरा आहे. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६ अंश ४२ मिनिटे उत्तर. येथे मेच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि मधल्या तीन महिन्यांत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यावर परदेशी पुस्तकाबरहुकूम पाठ घेणारा शिक्षक मुलांना उलटी दिशा शिकवील. (त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्यदर्शनच दुर्मीळ असते, हे त्याचे सुदैव.) शिवाय येथील खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे रेखावृत्ताची असल्याने ती सरासरीने बारा वाजून तेहतीस मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या आरंभी सतरा, तर फेब्रुवारीच्या मध्यास सत्तेचाळीस मिनिटांनी.

या सर्व अडचणींतून मार्ग काढणारी पद्धती आपल्याच परंपरेत आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितल्याप्रमाणे सपाट जमिनीवर काठी उभी रोवावी व ती मध्यबिंदू धरून दोरीने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला ज्या ठिकाणी स्पर्श करील तेथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा स्पर्श करील तेथे दुसरी खूण करावी. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. त्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. महिना कोणताही असो, घड्याळ असो वा नसो, रीत तीच राहते. शाळेच्या मैदानावर ही रेषा एकदा चुन्याने पक्की केली की पुढील सर्व पाठांना आधार मिळतो.

होकायंत्र त्यानंतर हाती द्यावे. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक कोल्हापुरात दोन अंशांहूनही कमी असल्याने लहान वर्गांत त्याचा उल्लेख करण्याचे कारण नाही. मात्र लोखंडी बाके, दुचाकी व खिडकीचे गज यांपासून दूर राहण्याची सवय लावावी. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट असते, तेव्हा उघड्या कातळावर यंत्र टेकवून घेतलेले वाचन फसवे ठरू शकते.

अंतराचे मापन पावलांनीच करावे. मैदानावर शंभर मीटर अंतर आखून प्रत्येक मुलाने आपली पावले मोजावीत. शाळेच्या आवाराचा १ : ५०० प्रमाणाचा आराखडा केल्यास एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, अर्थात लहान मुलाची साधारण दहा पावले, प्रमाण ही कल्पना येथे अंकांतून पायांत उतरते. पहिल्या-दुसरीच्या मुलांसाठी पाश्चात्त्य देशांत दोरीचा मार्ग आखतात: मूल दोरी धरून चालते व वाटेवरील खुणा नकाशावर शोधते. हरवण्याची भीती नसल्याने एकटे मूलही तो मार्ग पार करते. तीस मुलांच्या रांगेत पुढच्याच्या पाठीकडे पाहत चालणारे मूल काहीच शिकत नाही, हे आपल्या शालेय सहली पाहणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

समोच्च रेषा हा मुलांना सर्वांत दुर्बोध वाटणारा भाग. कोल्हापूरच्या मुलांना तो एका दुःखद अनुभवातून समजू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे ४३ फूट मानतात. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, तसेच प्रयाग चिखली व आंबेवाडी या गावांत पाणी कोठवर चढले हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. एका गल्लीतील त्या खुणा जोडल्या तर जमिनीवर उमटलेली समोच्च रेषाच हाती येते. काटेकोरपणे पाहता वाहत्या नदीचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. पण एका पेठेपुरता हा फरक सोडून देता येईल. पाटबंधारे खाते नकाशावर पूररेषा दाखविते, तीत निळी रेषा पंचवीस वर्षांतून व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपल्या घरापासून लाल रेषेबाहेर नेणारी वाट कोणत्या दिशेस आहे, हे चौथीतील मुलाला आराखड्यावर दाखविता आले पाहिजे. ज्या घरांचे पुरात नुकसान झाले तेथील मुलांकडून हा पाठ घेताना शिक्षकाला फार जपावे लागेल, आणि एखाद्या मुलाला बोलावयाचे नसेल तर ते मान्य करावे.

पन्हाळ्याची क्षेत्रभेट शेवटच्या टप्प्यातील. भूसर्वेक्षण खात्याच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर सबंध गड काही सेंटिमीटरांतच मावतो, तेव्हा मुलांसाठी मोठ्या प्रमाणाचा स्वतंत्र आराखडा करणे अपरिहार्य आहे. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जा कोठी ही ठिकाणे नियंत्रणस्थाने म्हणून योग्य; तटाच्या कडेची ठिकाणे मात्र मोठ्यांच्या सोबतीशिवाय देऊ नयेत.

पन्हाळ्याचे शैक्षणिक महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पियाजे व इनहेल्डर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन डोंगरांचा प्रयोग वर्णिला आहे: समोरच्या प्रतिकृतीतील डोंगर दुसऱ्या बाजूच्या बाहुलीला कसे दिसतील, हे लहान मुलांना सांगता येत नाही. त्यावरून नकाशाचे शिक्षण लांबणीवर टाकावे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. १९७० च्या सुमारास जेम्स ब्लाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाच-सहा वर्षांची मुले विमानातून घेतलेले छायाचित्र वाचू शकतात असे दाखवून, त्या निष्कर्षाला हरकत घेतली. कोल्हापूरच्या मुलाला जोतिबाचा डोंगर वायव्येस दिसतो. पन्हाळ्यावर नेऊन त्याला तोच डोंगर दाखविण्यास सांगितले, तर तो पूर्वेकडे आहे. गडावर पोहोचण्यापूर्वी, केवळ नकाशा पाहून, हे किती मुले सांगू शकतात आणि मैदानावरील पाठांनंतर त्या संख्येत किती फरक पडतो, हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन शाळांत ताडून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी प्रतिकृतीची गरज नाही. डोंगर जागच्या जागी उभे आहेत.