चढताना दम, उतरताना मांड्या

गाविलगडावरून परतताना चिखलदऱ्याच्या टपरीवरचे म्हातारबा म्हणाले, “भाऊ, चढताना दम जाते, उतरताना मांड्या बोलते.” मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी अमरावतीत घरचा जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. तिसऱ्या दिवशी तर पाठमोरा होऊन उतरलो. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटला हाक मारली की दरी पाचदा उत्तर देते म्हणतात. मांड्यांचं उत्तर त्याहून बरंच लांबलं. भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा, अशी कथा आहे. दुसऱ्या दिवशी भीमाचं अंग दुखलं का, ते मात्र कथेत येत नाही.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो. तो आखडायला बघतो आणि अंगाचा भार त्याला ताणतो. या ओढाताणीत बारीक तंतू उसवतात. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं हजर होतात, मागोमाग मॅक्रोफेज येतात. सुरुवातीचे मॅक्रोफेज मोडतोड गिळून जागा साफ करतात. दोन-तीन दिवसांत त्यांचा नूर पालटतो आणि ते दुरुस्तीचे संदेश सोडू लागतात, तेव्हा स्नायूतल्या मूळपेशी कामाला लागतात. सूज, ठणका, ऊब हे सगळं या गवंडीकामाचं. म्हणून मांड्या भरून आल्या की लगेच सूज मारायची गोळी घेण्याची घाई मला पटत नाही.

पुन्हा तोच उतार काही दिवसांनी उतरला, तर दुखणं बरंच कमी होतं. आखाड्यातल्या उस्तादांना हे पुस्तकाविना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी हौसेनं बैठका मारून लंगडत आलेल्या पोराला ते घरी पाठवत नसत, थोड्या कमी बैठका मारायला लावत. आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. त्या मातीत मुरलेलं हे शहाणपण प्रयोगशाळेत बरंच उशिरा पोचलं.

पांढऱ्या पेशींबाबत प्रयोगशाळेची सुरुवात तशी जुनी. बोस्टन मॅरेथॉन धावलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात, हे लॅराबी यांनी १९०२ सालीच छापलं होतं. खरी कलाटणी मिळाली ती २०००च्या सुमारास, कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाकडून. तिथला एक प्रयोग मला फार आवडतो. माणसाला बसवून पाच तास एकच पाय हलवायला लावला, दुसरा स्वस्थ ठेवला आणि दोन्ही पायांतून येणारं रक्त तपासलं. इंटरल्युकिन-६ नावाचा संदेशरेणू येत होता तो फक्त राबणाऱ्या पायातून. स्नायू ही नुसती दोरखंडं नाहीत, त्या ग्रंथीही आहेत, हे यातून कळलं. अशा रेणूंना पुढे ‘मायोकाइन’ म्हणू लागले.

गोम अशी, की हाच रेणू तापात, जंतुसंसर्गातही वाढतो. पण तिथं आधी टीएनएफ हा भडकवणारा रेणू येतो. व्यायामात टीएनएफ मागेच राहतो. इंटरल्युकिन-६ येतो आणि त्याच्या पाठोपाठ इंटरल्युकिन-१०सारखे आग विझवणारे. २००३ साली याच गटानं काही निरोगी पुरुषांना जंतूंचं थोडं विष टोचून पाहिलं. स्वस्थ बसलेल्यांचा टीएनएफ दुप्पट-तिप्पट झाला, सायकल मारून दमलेल्यांचा जवळपास जागेवरच राहिला. रेणू तोच, आधी काय आलं, त्यावर त्याचा अर्थ ठरला.

या आगीच्या बाबतीत आपल्या लोकांची अडचण पोटाच्या आत आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आतड्यांभोवतीच्या चरबीत मॅक्रोफेज ठाण मांडतात, मंद जाळ तेवत ठेवतात आणि इन्शुलिनचा निरोप पेशीपर्यंत नीट पोचू देत नाहीत. ही चरबी व्यायामानं उतरते. पण २०१९च्या डॅनिश प्रयोगात इंटरल्युकिन-६ अडवणारं औषध दिलं, तेव्हा बारा आठवडे सायकल मारूनही ती उतरली नाही.

अतिव्यायामानं प्रतिकारशक्ती खचते, ही धास्ती १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननं वाढवली. पुढच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के, तर सराव करूनही न धावलेल्यांपैकी २.२ टक्के आजारी पडल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. धावून झाल्यावर रक्तातल्या लसीकापेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, घटतात, त्याच्याशी हे जोडलं गेलं. २०१८ साली बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी ही मांडणी खोडली: पेशी मरत नाहीत, गस्तीवर फुफ्फुसांत, आतड्यांत जातात. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. गर्दी, प्रवास, जागरण यांचा हिशेब आधीच्या मांडणीत कच्चाच होता. त्याच वर्षी बर्मिंगहॅमहून ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलपटूंची पाहणी आली. वयानं सुकायला हवी ती छातीतली थायमस ग्रंथी त्यांच्यात तरुणांइतक्याच नव्या टी-पेशी सोडत होती.

ऑस्ट्रियातल्या हाइन्झ ड्रेक्सेल यांनी तर आमच्यासाठीच प्रयोग केल्यासारखा आहे. काहींना डोंगर चालत चढवला आणि रोपवेच्या पाळण्यानं उतरवलं, काहींना उलट. नुसतं उतरणाऱ्यांचीही रक्तातली साखर सुधारली. म्हणजे ज्याला चढाचा दम झेपत नाही, त्यानं परतवाड्याहून एसटीनं वर यावं आणि घाटाचा थोडा तुकडा पायी उतरावा. गुडघे आधीच कुरकुरत असतील, तर डॉक्टरांना विचारून.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गडावर गेलो, तोच उतार उतरलो. म्हातारबांनी ओळखलं.

“बोलल्या का मांड्या?”

“थोड्या. पहिल्यासारख्या नाही.”

“सवय झाली असन,” म्हणत त्यांनी चहाचा ग्लास पुढे सरकवला आणि साखर किती, ते विचारलंच नाही.