नवरदेवाची गडसहल आणि वैद्याचा सल्ला

विवाह ठरला की केळवणे होतात, ग्रहमख होते, हळद लागते. या क्रमात गेल्या काही वर्षांत आणखी एका विधीची भर पडली आहे. त्याला ना मुहूर्त लागतो ना पुरोहित. नवरदेवाला घेऊन मित्रमंडळी एक-दोन दिवस कोठेतरी जातात, व त्याच्या ब्रह्मचर्याश्रमाला निरोप देतात. पूर्वी अशा सहलीचे ठिकाण बहुधा गोवा वा दमण असे. अलीकडे आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या तरुणांचा ओढा डोंगराकडे दिसतो, व तो आम्हांस मनापासून स्वागतार्ह वाटतो. वसई-विरारकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. कामणदुर्ग, टकमक, तांदुळवाडी, काळदुर्ग, अशेरी, कोहोज हे सारे गड सकाळी निघून सायंकाळी घरी परतता येईल एवढ्याच अंतरावर आहेत.

२०२५ च्या चैत्रात असाच एक नवरदेव आमच्याकडे आला. त्याच्या आजोबांपासून ते कुटुंब आमच्या परिचयाचे. लग्न वैशाखात होते. "काका, आम्ही सात जण कामणदुर्गला चाललोय. चढताना दम लागू नये असं काहीतरी द्या. च्यवनप्राश आतापासून सुरू केला तर चालेल?" सोबत दोन मित्र होते. त्यांतील एकाने मोबाईलवर सहलीचा संपूर्ण कार्यक्रम मांडला होता. लग्नाच्या आठ दिवस आधीचा शुक्रवार. रात्री एका मित्राच्या वाडीवर जेवण, गाणी, "थोडंसं बसणं". शनिवारी सकाळी साडेआठला न्याहारी, नऊला पायथा, दुपारी एकपर्यंत माथा.

आम्ही च्यवनप्राश दिला नाही. तो कागद मात्र मागून घेतला व त्यांना बसावयास सांगितले. याचे कारण त्या तिघांना प्रथम कळले नाही. ते सांगावयाचे तर आम्हांस वीस वर्षे मागे जावे लागते, आणि ते आजही सुखाचे वाटत नाही.

२००४ चा मे महिना. आम्ही नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. वर्गमित्राचे लग्न ठरले होते, म्हणून आम्ही चौघे तांदुळवाडीच्या गडावर गेलो. आदल्या रात्री गच्चीवर मद्यपान व जागरण झाले. सकाळी गाडी चुकली. सफाळ्याला उतरून पायथ्याचे गाव गाठेपर्यंत दहा वाजून गेले. चौघांत मिळून पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. अर्ध्या चढावर नवरदेव मागे पडू लागला. एकदा वांती झाली. मग तो असंबद्ध बोलू लागला, पाय वेडेवाकडे पडू लागले. आणि आम्ही, स्वस्थवृत्त व कायचिकित्सा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले तीन वैद्य, हसलो! रात्रीचा मद अद्याप उतरला नाही, असे निदान करून त्याला सावलीत निजविले व आम्हीही बाजूला विसावलो. सुमारे अर्धा तास असा गेला. अंगाला हात लावला तेव्हा ते तव्यासारखे तापलेले होते.

त्याला उचलून खाली पाड्यापर्यंत आणले. तेथील एका बाईने आम्हांस काही न विचारता आपल्या डोक्यावरचा हंडा त्याच्या अंगावर रिता केला, मुलीला दुसरा आणावयास पिटाळले व सुपाने वारा घालू लागली. "दादा, नुसते बघत काय बसलात, कपडे काढा त्याचे," एवढेच ती आम्हांस म्हणाली. चिकित्सा तिनेच केली. पुढे टेम्पो मिळाला, रुग्णालय मिळाले. मित्र वाचला, मात्र वृक्क बिघडल्याने तीन आठवडे तेथेच राहिला. वैशाखाचा मुहूर्त हुकला, पुढे चातुर्मास आला, लग्न मार्गशीर्षात झाले. वधूच्या वडिलांना काय सांगावे, हे ठरविण्यासाठी आम्ही तिघे रुग्णालयाच्या पायरीवर बसलो होतो, ते दृश्य अद्याप डोळ्यांपुढून जात नाही.

विशेष हे की, त्या दिवशी जे जे घडले ते सारे आमच्या पाठातले होते. ग्रीष्म ऋतुचर्येत चरकाचार्य व्यायाम वर्ज्य सांगतात. मद्य घेऊच नये, घेतल्यास अत्यल्प वा भरपूर पाणी मिसळून घ्यावे, असे बजावतात. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अतिव्यायामाची फळे दिली आहेत. तृष्णा, क्लम, ज्वर, छर्दी ही त्यांतीलच. आम्ही ही यादी परीक्षेत दोनदा लिहिली होती, परंतु गडाच्या वाटेवर ती समोर उभी राहिली तेव्हा ओळखली नाही. त्याच अध्यायात पुढे व्यायाम, हास्य, भाषण, मार्गक्रमण, मैथुन व रात्रीजागरण यांची सवय असली तरी अतिरेक करू नये, असे सांगून अतिरेक करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. मैथुन वगळले तर नवरदेवाच्या सहलीचा सारा कार्यक्रमच आचार्यांनी लिहून ठेवला आहे, असे आम्ही त्या तिघांना सांगितले. ते हसले, पण कागदाकडे पुन्हा पाहू लागले.

येथे आपल्या किनारपट्टीच्या गडांविषयी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. कामणदुर्गाची उंची सुमारे एकवीसशे फूट. सिंहगड समुद्रसपाटीपासून त्याच्या दुप्पट उंच, म्हणून आपला गड लहान, असा तरुणांचा समज असतो. परंतु सिंहगडाचा पायथाच मुळी उंचावर आहे. कामणदुर्गाचा पायथा जवळजवळ खाडीच्या पातळीवर. चढ दोन्हीकडे सारखाच पडतो, आणि येथे हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही. न वाळलेला घाम शरीराला थंडावा देत नाही. त्यामुळे पारा पस्तीस-छत्तीसवर असला तरी देह आतून तापत जातो. त्यात झाडीमुळे वारा अडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. ती माणसे गड चढत नव्हती, उन्हात बसली होती.

मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, हा चरकाचार्यांचा मदात्यय चिकित्सेतील विचार आपण सर्व जाणतोच. व्यवहारात सांगावयाचे तर रात्री प्यालेले मद्य मूत्रावाटे पाणी काढून नेते, झोप मोडते, आणि सकाळी माणूस निम्म्या पाण्यावर चढू लागतो. त्याहून मोठा धोका आमच्या हातून घडला तो. मद्य प्यालेल्याचे असंबद्ध बोलणे कोणी गंभीरपणे घेत नाही. म्हणून त्या तिघांना आम्ही पहिला बदल सुचविला तो क्रमाचा. आधी गड, नंतर गाणी. मद्य पिऊ नका असे आम्ही म्हटले असते तर ते "हो काका" म्हणून निघून गेले असते, हे वैद्यकी करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

मग सातही जणांची माहिती विचारली. नवरदेवास ती सारी सांगता आली नाही. दूरध्वनी करावे लागले. एकाला रक्तदाब होता व त्यासाठी मूत्रल औषधाची गोळी चालू होती. एकाचे वजन १०४ किलो, बैठे काम, चालणे फक्त स्थानकापर्यंत. एक नुकताच तापातून उठलेला. आठ वर्षांच्या मैत्रीत यांतील रक्तदाबाची गोष्ट कोणास माहीत नव्हती! सहलीचे नियोजन म्हणजे गाडी, तंबू व खर्चाची वाटणी असे मानले जाते. आमच्या मते ते या माहितीपासून सुरू होते. कारण सहलीची गती सर्वांत दुबळ्या गड्याची असावी लागते, आणि तो कोण हे आधी कळले पाहिजे.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यालाही शीत काळात व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धशक्तीची लक्षणे तरुणांना सांगितली की त्यांना नवल वाटते. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम फुटणे, तोंडाला कोरड पडणे, श्वास तोंडावाटे घ्यावा लागणे. त्यासाठी मनगटावर यंत्र बांधावयास नको. आम्ही सांगितले की, ज्याला तोंडाने श्वास घ्यावा लागेल त्याने थांबावे. तो थांबला की सर्वांनी थांबावे. आणि परत फिरावयाचे झाल्यास एकट्याने फिरू नये.

पावसाळ्याचा पर्यायही निघाला. लग्नानंतर आषाढात चिंचोटीला जाऊ, असे एकाने सुचविले. त्याला आम्ही स्पष्ट नकार दिला. जुलै २०१८ मध्ये तेथे पाणी एकाएकी चढून शंभराहून अधिक लोक अडकले होते. त्यांना सोडवावे लागले, आणि एकाने प्राण गमावला. वर्षा ऋतूत अग्नी मंद, वात प्रकुपित, वाट निसरडी; शिवाय धबधब्याखाली उभे असताना डोंगरावर किती पाऊस पडतो आहे हे दिसत नाही.

रात्री उघड्यावर निजण्याचा विचार असल्यास सर्पाचा विषय टाळता येत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चौघेही आपल्याकडे आहेत. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्यास दंश करते, व तो दंश अनेकदा जाणवतही नाही. येथे वैद्यबंधूंशी थोडे मोकळेपणाने बोलावयाचे आहे. विषचिकित्सेच्या चोवीस उपक्रमांत अरिष्टाबंधन, उत्कर्तन, आचूषण आहेत. त्यांचा अभ्यास आपण आदरानेच केला पाहिजे. परंतु गडावर अडकलेल्या तरुणाला ते शिकविणे आम्हांस योग्य वाटत नाही. घोणस व फुरसे यांच्या विषाने दंशस्थानीच्या मांसधातूचा नाश होतो, आणि घट्ट बांधलेल्या अवयवात तो वाढतो. छेद घेतल्यास रक्त थांबत नाही. दष्ट अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. विंचवाच्या बाबतीतही हेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणातील विंचूदंशाचे चित्र पालटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते ज्ञान आपल्या शास्त्राचे नाही म्हणून रुग्णापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

उष्माघाताबद्दल तर आम्ही त्या सातांना दूरध्वनीवर एकत्र घेऊनच सांगितले. चढताना कोणी विचित्र बोलू लागला, चिडू लागला, अडखळू लागला, तर ती थट्टा समजू नये. घाम येत असला तरी उष्माघात नाही असे मानू नये. कपडे सैल करून जवळ असेल ते सारे पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा, मग उचलावे. थंड करण्याआधी नेण्याची घाई करू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. चंदन, उशीर, प्रवाळ हे सारे पित्तशामक खरे. पण त्या घटकेला हंडाभर पाणी त्यांहून श्रेष्ठ, हे आम्ही एका निरक्षर गुरूकडून शिकलो आहोत.

शिदोरीची चर्चा मात्र आनंदाची झाली. त्यांच्या यादीत वेफर्स व शीतपेये होती. आम्ही आमसुलाचे मीठ-साखर घातलेले सरबत, साळीच्या लाह्या, आंबील आणि वसईची सुकेळी सुचविली. राजेळी केळ्याची सुकेळी पिशवीत जागा घेत नाहीत, उन्हाने बिघडत नाहीत, आणि चढावर दोन खाल्ली तरी बळ येते. माणशी किमान तीन लिटर पाणी, तेही प्रत्येकाने स्वतःच्या पाठीवर. अत्तर लावून जाऊ नये, ही सूचना नवरदेवाला गमतीची वाटली; आग्या मोहोळाची गोष्ट सांगितल्यावर ती पटली.

अखेर कामणदुर्ग रद्द झाला. त्याऐवजी लग्नाच्या तीन आठवडे आधी पहाटे तुंगारेश्वरच्या जंगलात चालत जावे, मंदिरात दर्शन घ्यावे व ऊन चढण्यापूर्वी परतावे असे ठरले. हे अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले; आपल्या दाराशी असूनही त्या सातांपैकी चौघांनी ते आतून पाहिले नव्हते. रक्तदाबाच्या मित्राला आम्ही त्याच्या डॉक्टरांकडे पाठविले. त्यांनी गोळीबाबत सल्ला दिला. १०४ किलोचा मित्र निम्म्या वाटेवर तोंडाने श्वास घेऊ लागला व ठरल्याप्रमाणे बसला. नवरदेव त्याच्याजवळ बसला, आणि त्या अर्ध्या तासात वर्षभरात झाले नव्हते इतके बोलणे झाले, असे त्यानेच नंतर सांगितले. बाकीचे मंदिरापर्यंत जाऊन आले. दहाच्या सुमारास सर्व जण वाडीवर होते. विहिरीवर अंघोळी, आंब्याखाली जेवण, मग गाणी. मद्याचे काय झाले ते आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

लग्नास आम्ही गेलो होतो. मंडपात १०४ किलोचा मित्र भेटला. तो ९९ वर आला होता, व रोज पहाटे समुद्रकिनाऱ्यावर चालतो म्हणाला.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले आणि नवरदेव पुन्हा आला. कामणदुर्ग अजून मनातून गेला नव्हता. मार्गशीर्षातला रविवार त्याने निवडला होता, निघण्याची वेळ पहाटे साडेपाचची. तोच प्रश्नांचा कागद त्याने घडी घालून जपून ठेवला होता. सात नावांखाली आठवे नाव नव्या अक्षरात लिहिले होते. "काका, हीसुद्धा येणार म्हणते. हिला जरा तपासून द्या." ती बाहेर बाकावर बसली होती. आम्ही तिला आत बोलाविले.