कंट्रोलचा ठिपका विद्यार्थ्यानेच मांडावा

उपाशीपोटी रक्तातली साखर 126 मिलिग्रॅम निघाली आणि फेरतपासणीतही तशीच आली, तर मधुमेहाचं निदान होतं. आता समजा, प्रयोगशाळेतलं यंत्र प्रत्येक नमुना पाच टक्के वाढवून दाखवतंय. ज्याची साखर खरी 120 आहे त्याच्या अहवालावर 126 छापलं जाईल, आणि त्याच यंत्रावरची फेरतपासणी ती चूक पक्की करेल. अहवाल वाचून हे कुणालाच कळणार नाही. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांबरोबर रोज कंट्रोल सीरम चालवतात. त्यातली साखर आधीच माहीत असते आणि रोजचं रीडिंग आलेखावर ठिपक्याने मांडतात. कारखान्यांसाठी शूहार्टने काढलेली ही युक्ती लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळेत आणली. आपल्याकडे 2019 मध्ये लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मात्र सीरममधली साखर आणि क्रिएटिनिन मोजून दाखवायचं, आणि गुणवत्ता नियंत्रण नुसतं ‘बघायचं’, अशी वाटणी होती. ती मला उलटी वाटते. साखर पुढे यंत्रच मोजणार आहे. आकड्यावर किती विश्वास टाकायचा, हे डॉक्टरलाच ठरवायचंय.

बघून हा विषय कळत नाही, याचं कारण त्या आलेखातच आहे. कंट्रोलची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 3 धरलं, तर 94 ते 106 ही नेहमीची मर्यादा. पण सगळं सुरळीत असतानाही विसातलं साधारण एक रीडिंग निव्वळ योगायोगाने तिच्याबाहेर पडतं. एका 107 वरून यंत्र बंद करणं उतावीळपणा ठरेल. सलग दोन रीडिंग 106 च्या वर गेली, तर कॅलिब्रेशन किंवा रीएजंट तपासावं लागतं. याहून फसवी स्थिती म्हणजे सलग दहा ठिपके मर्यादेच्या आत, पण सगळे सरासरीच्या वर. प्रत्येक आकडा ‘नॉर्मल’, आणि तरी पद्धत सरकलेली! वेस्टगार्डने 1981 मध्ये मांडलेले हे नियम पाठ करता येतात. स्वतःचे ठिपके मांडल्यावर ते पटतात. शिवाय एरवी प्रात्यक्षिकात उत्तर ‘बरोबर’ यावं म्हणून रीडिंग जुळवण्याचा मोह असतो. अख्ख्या बॅचने एकच नमुना मोजून विचलन काढायचं असेल, तर जुळवलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

डॉक्टरांना तंत्रज्ञ का करायचं, असा आक्षेप येईल. तंत्रज्ञ करायचंच नाही. पण लहान रुग्णालयात प्रयोगशाळेला जाब विचारणारा बहुधा डॉक्टरच असतो. कंट्रोल सीरम महाग पडतं, हे खरं. त्यावर तोडगा सोपा आहे: ग्लुकोजचं साधं द्रावणही शिकवण्यापुरतं चालतं. वजनदार आक्षेप वेगळा आहे. पुष्कळ चुका नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच होतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साखर तासाला पाच ते सात टक्के घटते, रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, आणि कंट्रोलला यातलं काहीच दिसत नाही. पण ही मर्यादासुद्धा आलेख हाताळणाऱ्यालाच नीट उमगते: कंट्रोल ठीक असूनही अहवाल रुग्णाशी जुळत नसेल, तर चौकशी नळीपासून सुरू करायची.

यासाठी नवा विषय नको, की वाढीव तासही नकोत. साखर मोजण्याच्या प्रात्यक्षिकातच हे बसतं. परीक्षकांनी एवढंच करावं: जर्नलमधल्या ‘बरोबर’ उत्तराचे गुण कमी करून ते आलेखाला आणि त्याखाली लिहिलेल्या कारणांना द्यावेत.