ऐतिहासिक कादंबरीतील राणी : आरोप आणि कल्पना

एखाद्या स्त्रीविषयीची साधने तिच्या विरोधकांनीच लिहिली असतील, तर तिच्यावरची कादंबरी कशी वाचावी? या पाठात आपण फिलिपा ग्रेगरी यांच्या ‘द व्हाइट क्वीन’ (२००९) या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न तपासू.

पार्श्वभूमी

पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांत युद्धे झाली. १४६४ मध्ये यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड याने एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशी गुपचूप लग्न केले. राजासाठी परदेशी वधू पाहणारा वॉरिकचा अर्ल त्यामुळे दुखावला. १४६९ मध्ये त्याने बंड केले, तेव्हा एलिझाबेथची आई जॅकेटा हिच्यावर चेटकाचा आरोप झाला. पुढच्याच वर्षी ती निर्दोष ठरली आणि १४७२ मध्ये वारली.

१४८३ मध्ये एडवर्ड वारला आणि त्याचा भाऊ तिसरा रिचर्ड याने गादी घेतली. १४८४ च्या पार्लमेंटच्या कायद्याने एडवर्डचे लग्न अवैध आणि मुले अनौरस ठरवली. चेटकाचा आरोप त्यात पुन्हा आला, या वेळी मायलेकी दोघींवर. आरोपाचा लाभ कोणाला झाला, हे लक्षात घ्या.

कादंबरी काय करते?

कादंबरीत एलिझाबेथ स्वतःच बोलते. साधनांत जी केवळ कोणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून येते, तिला येथे मन आणि हेतू मिळतात. ही कादंबरीची मोठी जमेची बाजू.

पण ग्रेगरी चेटूक खरे मानून चालतात. १४७१ च्या बार्नेटच्या लढाईत खरोखर दाट धुके होते. कादंबरीत ते या मायलेकींनी आणलेले असते. शत्रूने लावलेला कलंकच नायिकेची शक्ती होतो.

यात धोका कोणता? एलिझाबेथचे खरे सामर्थ्य राजकारणात होते. १४८३ मध्ये तिने वेस्टमिन्स्टर ॲबीत आश्रय घेतला. तिथून तिने हेन्री ट्यूडरची आई मार्गारेट बोफोर्ट हिच्याशी संधान बांधले आणि आपली मुलगी हेन्रीला देण्याचे ठरवले. १४८६ मध्ये ते लग्न झाले. हा डाव कादंबरीतही आहे, पण मंत्रतंत्राच्या झगमगाटात वाचकाचे लक्ष त्यावरून सहज उडते.

म्हणून अशी कादंबरी वाचताना तीन गोष्टी वेगळ्या करा : पुराव्याने सिद्ध झालेले, कोणीतरी आरोप म्हणून लिहिलेले आणि लेखिकेने कल्पिलेले.

स्वाध्याय : तुमच्या भाषेतील एखाद्या राणीवरची कादंबरी घ्या आणि तिच्यातील एका प्रसंगाची अशी विभागणी करा.