भुसा दिसतो, बारीक धूळ दिसत नाही

खोकला घेऊन येणाऱ्या सुतारकाम करणाऱ्या रुग्णाला मी आधी विचारतो, "सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?" उत्तर 'हो' असेल, तर दम्याचे मूळ बहुधा कारखान्यातच असते. रंध्याचा जाड भुसा नाकात अडकतो. सँडरची व एमडीएफची बारीक धूळ थेट फुफ्फुसात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. धोका मुख्यतः नाकाला व लगतच्या सायनसना.

डस्ट कलेक्टर घेताना मोटर किती हॉर्सपॉवरची, हे सगळे विचारतात. पिशवी कितीची, हे कोणी विचारत नाही! ३० मायक्रॉनची पिशवी भुसा धरते आणि बारीक धूळ पुन्हा खोलीत सोडते. पिशवी एक मायक्रॉनची घ्यावी. लहान यंत्राला चार इंची नळी, शक्य तितकी आखूड व सरळ. तिचे तोंड पात्याच्या अगदी जवळ. पिशवी गच्च भरली की ओढ कमी होते. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. सँडिंगला एन-९५ मास्क हवाच.

एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा तीतून वरचेवर रक्त येत असेल, तर सर्दी समजून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.