शब्दांची संगत आणि इंग्रजीचे अध्ययन

शब्दार्थांच्या लांबलचक याद्या मुखोद्गत करूनही प्रत्यक्ष संभाषणाच्या वेळी आपली वाणी अडखळते, याचे कारण असे की, शब्द ज्या संगतीत नांदतो तिचा परिचय आपण करून घेतलेला नसतो. इंग्रजी कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजीचे अध्यापन करीत असताना हीच उणीव हेरली. आणि आपल्या दोघा सहकाऱ्यांसह सिद्ध केलेल्या, १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झालेल्या व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुनर्मुद्रित केलेल्या कोशात, अर्थाबरोबरच शब्दाची वाक्यातील योजना सोदाहरण दाखविण्याची तजवीज केली.

दाखला घ्यावयाचा तर, चुकीला 'मेक' हे क्रियापद लागते, गृहपाठाला मात्र 'डू'. मुसळधार पाऊस 'हेवी' असतो, पण कडक चहा 'स्ट्राँग'च म्हणावा लागतो. आगगाडीत सहप्रवाशाने 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असे विचारले आणि खिडकी उघडावयास आपली ना नसली, तर 'नॉट ॲट ऑल' असे उत्तर द्यावे. कारण प्रश्न हरकत आहे काय असा असल्याने, नुसते 'येस' म्हणणे हा शब्दशः नकार ठरतो.

यास्तव वहीत सुटा शब्द न टिपता संपूर्ण वाक्य, ते कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी उच्चारले या तपशिलासह लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने ते मोठ्याने म्हणावे, व त्याच धर्तीवर कचेरीतील, बाजारातील वा घरातील प्रसंगास अनुरूप असे स्वतःचे एक वाक्य रचावे. अशा रीतीने आत्मसात केलेले मोजके शब्दही व्यवहारात निश्चित उपयोगी पडतात, असा माझा दृढ विश्वास आहे.