घाटवाटा : भाग ६ – अणुस्कुऱ्याची पाखाडी

मागच्या आठवड्यात आपण राजापूरच्या बंदरात थांबलो होतो. आज अर्जुनेच्या खोऱ्यातून वर सरकायचं आहे. ओणी, पाचल मागे टाकून येरडवला पोचलं की समोर सह्याद्री उभा राहतो.

रत्नागिरीच्या माणसाला पाखाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. घरातून आगरात, आगरातून देवळाकडे उतरणारी दगडी वाट आपण जन्मापासून तुडवतो. अणुस्कुऱ्याचा जुना घाट ही तसलीच पाखाडी, फक्त ती थेट देशावर चढते. आणि आपल्या पाखाडीला बहुधा जांभा असतो, इथे काळा पाषाण आहे.

येरडवच्या वाटाड्यासोबत निघालो, तेव्हा पहिला अर्धा तास फरसबंदी दिसलीच नाही. पाचोळा आणि करवंदीच्या जाळ्या, एवढंच. मग त्याने कोयत्याने एक फांदी दूर केली, पायाने पाला सारला आणि खाली दगड निघाले. ओबडधोबड खरे, पण एकमेकांत नीट बसलेले.

हे दगड का बसवले, ते चालताना पायांनाच कळतं. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नुसती मातीची वाट असती, तर दोन पावसाळ्यांत तिची घळ झाली असती. शिवाय चढायचं होतं ते पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनी. बैलाला उंच पायरी चालत नाही. म्हणून पायऱ्या बसक्या, मध्ये खूर टेकायला पुरेशी जागा, आणि वाट सरळ न चढता वळणं घेत जाणारी. ज्यांनी ही वाट बांधली, त्यांना बैल आणि पाऊस दोन्ही ठाऊक होते. माझ्या मते या घाटाचं खरं वैभव यातच आहे.

कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, देशावरचं धान्य आणि गूळ खाली यायचा. राजापूर बंदर भरभराटीला आलं ते अशा वाटांमुळे. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली. १६६० साली याच वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. बंदर आणि किल्ला यांच्यामध्ये हा डोंगर होता, आणि डोंगर ओलांडायला घाटवाटाच होत्या.

एकोणिसाव्या शतकात कुंभार्ली, आंबा, फोंडा इथे गाडीरस्ते झाले आणि बैलांचे तांडे ओसरले. पुढे अणुस्कुऱ्यातूनही डांबरी रस्ता गेला. आता एसटी वळणं घेत वर जाते आणि जुनी वाट रानात पडून राहते.

इथे मला जपानची आठवण होते. क्योटो ते एदो, म्हणजे आजचं टोकियो, अशी नाकासेन्दो नावाची डोंगरवाट होती, वाटेत ६९ मुक्कामाची गावं. रेल्वे आली आणि त्यातली कित्येक गावं ओस पडू लागली. त्सुमागो हे त्यांतलंच एक. १९७१ साली तिथल्या रहिवाशांनी ठरवलं : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आज मागोमे ते त्सुमागो हे सुमारे आठ किलोमीटर चालायला जगभरातून माणसं येतात. वाटेत काही ठिकाणी जुनी फरसबंदी लागते. ती पाहून येरडवच्या माणसाला नवल वाटणार नाही. त्याच्या रानात तीच आहे.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. इथून कोल्हापूर जिल्हा, शाहूवाडी तालुका. वाटाड्या म्हणाला, "आजा सांगायचा, इथवर आलं की बैलाची गोणी उतरायची." आम्हीही पाठीवरचं ओझं उतरवून बसलो.

तुम्हाला जायचं असेल, तर दिवाळीनंतर जा. येरडवचा वाटाड्या सोबत घ्या, त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि पूर्ण द्या. वाटेत एखादा दगड उखडलेला दिसला, तर तो जागेवर बसवून मगच पुढे चला.